बैलास सावली, सिमेंटास पाणी, माणसास काय?

मिरज तालुक्यातील कुपवाड हे एके काळी कुणब्यांचे खेडे होते. आता तेथे औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ सालापासून हे गाव सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत सामील झाले आहे. जेथे ज्वारीची ताटे डोलत होती तेथे आज कारखान्यांची पत्र्याची शेडे, चाळी आणि दुमजली-तिमजली घरे उभी राहात आहेत. ही घरे कोण बांधतो? गवंडी, सुतार, सळई बांधणारा, सेंट्रिंगवाला, फरशी बसविणारा, दगड फोडणारा वडार आणि डोकीवर घमेले वाहणारी बिगारी बाई. यांतील बहुतेक लोक शेतकऱ्यांच्या व बलुतेदारांच्या घरचेच आहेत. जत-आटपाडीसारख्या कोरडवाहू मुलखात उन्हाळ्यात शेतात काम नसते. तेव्हा रानातला माणूस पोटासाठी गवंड्याच्या हाताखाली येतो. म्हणून या कामावर उन्हाने माणसाचे काय होते, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरातलाच आहे.

बांधकामाचा खरा हंगाम म्हणजे नेमका उन्हाळा. मृग लागण्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे, छप्पर झाले पाहिजे, ही प्रत्येक घरमालकाची घाई असते. उसाचे बिल हाती आलेले असते, सुगी घरात आलेली असते, घरात लग्नकार्य निघालेले असते. त्यातच भटजीबुवांनी पंचांग उघडून अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढून दिला म्हणजे संपलेच! वैशाखातील ऐन उन्हात रात्रीचा दिवस करून काम ओढले जाते. सांगली-मिरजेकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीस टेकतो व कित्येक दिवशी ती ओलांडतो. हा आकडा सावलीतला, हे ध्यानात ठेवावे. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, लाकडी पेटीच्या सावलीत टांगलेला असतो. उघड्या स्लॅबवर, तापलेल्या सळयांच्या जाळीत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगास त्याहून किती अधिक ताव लागतो, हे त्या जाळीस हात लावून पाहावे.

आता दोन नियम सांगतो. ते वाचून वाचकांनी आपल्या मनाशीच विचार करावा.

पहिला नियम बैलाचा. ओझे ओढणाऱ्या व पाठीवर वाहणाऱ्या जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६५ साली हिंदुस्थान सरकारने नियम केले. त्यांत असे आहे की, ज्या भागात उष्णता ३७ अंशांच्या वर गेली असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावरास कामास जुंपू नये. दिवसात ९ तासांहून अधिक राबवू नये. आणि विसावा दिल्यावाचून सलग ५ तासांहून अधिक चालवू नये. नियम उत्तम आहे. आमच्या शेतकऱ्यास तो शिकवावाही लागत नाही. चैत्र-वैशाखात तो पहाटे औत धरतो आणि ऊन चढले की सोडतो. बैल धापा टाकू लागला की त्यास झाडाखाली बांधून पाणी दाखवितो.

दुसरा नियम सिमेंटाचा. काँक्रीट उन्हात लवकर आटते व त्यास तडे जातात, म्हणून इंजिनियरांच्या प्रमाण-ग्रंथांत लिहून ठेविले आहे की, हवा ४० अंशांच्या वर गेली की काँक्रीटचे काम विशेष काळजीने करावे; आणि कोरड्या, उष्ण हवेत ओतलेले काँक्रीट निदान १० दिवस ओले ठेवावे. त्याप्रमाणे स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरतात, खांबांना ओली पोती गुंडाळतात, सकाळ-संध्याकाळ नळी धरून पाणी मारतात. न मारले तर मालक गवंड्यावर उखडतो, आणि ते बरोबरही आहे.

आता माणसाचा नियम कोणता? दरवर्षी सरकारी पत्रके निघतात की दुपारी १२ ते ३ उन्हात फिरू नये, भरपूर पाणी प्यावे, सैल सुती कपडे घालावे. पण ही केवळ सूचना झाली. बैलाप्रमाणे उष्णतेचा आकडा घालून, वेळ नेमून, बांधकामावरील माणसास दुपारी उन्हात राबवू नये अशी मनाई आमच्या कायद्यात नाही. बैलास सावली आहे, सिमेंटास पाणी आहे, आणि ज्याच्या हातून बैलही पोसला जातो व सिमेंटही कालविले जाते त्या माणसास फक्त पत्रक आहे! हा उरफाटा न्याय नव्हे तर काय?

कोणी म्हणेल, आमच्या माणसांना उन्हाची सवय आहे, त्यांचे हाड काटक असते. या समजुतीने पुष्कळांचा घात झाला आहे, म्हणून शरीराचा व्यवहार नीट समजून घेऊ. माणसाचे अंग आतून सुमारे ३७ अंश गरम असते, आणि ते तेवढेच राहावे लागते. आपण जी ताकद खर्चितो तिच्यातील रुपयापैकी फार तर चार आणे कामास लागतात. उरलेले बारा आणे अंगात उष्णता होऊन साठतात. म्हणजे खोरे ओढणारा माणूस बाहेरच्या उन्हाने तापतो तसा आतूनही तापत असतो. ही उष्णता बाहेर टाकण्याची मुख्य वाट म्हणजे घाम. कुंभाराचा माठ जसा पाझरतो आणि ते पाणी वाऱ्याने उडून आतले पाणी गार होते, तसेच हे आहे. माठात पाणीच भरले नाही तर तो पाझरणार कसा? आणि आभाळ दाटून हवा दमट झाली की माठातले पाणीही गार पडत नाही. वळवाच्या आधी जी तलखी होते तिच्यात अंगावर घामाच्या धारा लागतात, पण घाम सुकत नाही. म्हणून पारा थोडा कमी असूनही जीव अधिक घाबरा होतो.

१६ एप्रिल १९२३ नव्हे, २०२३ च्या १६ एप्रिलची गोष्ट आहे. लोक ती इतक्यात जुनी समजून विसरू लागले आहेत. नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सरकारी समारंभ भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. ती माणसे घमेली वाहात नव्हती. मैदानात बसून होती. बसलेल्यांची ही गत, तर सिमेंटाची गोणी पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्याची काय होईल?

ऊन एकदम मारीत नाही. आधी खुणा देते. पायात व पोटात गोळे येतात, डोके ठणकते, मळमळते, घेरी येते, लघवी लाल-पिवळी व थोडी होते आणि तिला आग होते. याला आपण उन्हाळी लागली म्हणतो आणि सबजा पिऊन पुन्हा कामावर जातो. पण अंगातले पाणी आटले, मूत्रपिंडास ताण पडला, हाच तिचा अर्थ असतो. एखाद्या दिवशी असे झाले तर माणूस सावरतो. हंगामामागून हंगाम असे होत गेले तर मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. मध्य अमेरिकेत निकाराग्वा व एल साल्व्हाडोर या देशांत ऊसतोडीच्या तरुण मजुरांत मूत्रपिंडाचा असा रोग फार मोठ्या प्रमाणावर दिसून आला. त्यांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. तेथे मग पाणी, विसावा व सावली या तिन्हींची शिस्त लावून पाहिली. एल साल्व्हाडोरमधील एका प्रयोगात विसावा देऊनही माणशी तोड कमी झाली नाही, उलट वाढली. सांगली जिल्हा उसाचा जिल्हा आहे. ही गोष्ट आपल्या फडातही सांगण्याजोगी आहे.

बायकांचे दुःख याहून निराळे आहे. बांधकामावर आडोसा नसतो, संडास नसतो. म्हणून बिगारी बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. तहान मारणे हा तिच्या लाजेचा पहारा होऊन बसला आहे. वरून घरची भाकरी थापण्यासाठी ती पहाटे चारला उठलेली असते, आणि कित्येकदा पोटुशीही असते. चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेने तामिळनाडूतील ८०० गरोदर बायांची पाहणी करून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. फार उष्णतेत काम करणाऱ्या बायांत गर्भ पडण्याचा व मूल पोटात मरण्याचा धोका दुपटीच्या घरात आढळला. ज्या समाजाच्या सुधारणेचा पाया सावित्रीबाईंनी स्त्रियांच्या शिक्षणाने घातला, त्या समाजात एका आडोशाच्या अभावी बायांनी तहानेने वाळावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. चार बांबू आणि एक तरट यांस कितीसा खर्च येतो?

तिसरा धोका नवख्या माणसाचा. अंगास उन्हाची सवय होते हे खरे, पण ती व्हावयास एक-दोन आठवडे लागतात, आणि आठवडाभर घरी बसले तर ती पुष्कळशी मोडते. उन्हाने मरणाऱ्या मजुरांत पहिल्या काही दिवसांतलेच लोक फार असतात, असा अनेक देशांतला अनुभव आहे. म्हणून जाणते लोक सांगतात की, नव्या गड्यास पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचवा हिस्साच द्यावे आणि रोज थोडथोडे वाढवीत जावे. आपल्याकडे होते काय? गावाकडून कालच आलेला पोरगा, पहिल्याच दिवशी हुशारी दाखवावी म्हणून दोघांचे ओझे उचलतो, आणि मुकादम त्याची पाठ थोपटतो. स्लॅबास पिकावयास दहा दिवस. या पोरास एक दिवसही नाही.

आता पैशाचा हिशेब करू, कारण ठेकेदारास हीच भाषा कळते. तो म्हणतो, दुपारी काम बंद ठेवले तर माझे नुकसान होते. पण दुपारी काम खरोखर होते काय? आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने २०१९ साली एक अहवाल काढला. उष्णता, ओलावा, उन्हाचा ताव व वारा ही चारही धरून एक माप काढतात. ते साध्या थर्मामीटरच्या आकड्याहून सहसा कमी भरते. ते माप २४ ते २६ अंशांच्या वर गेले की मजुराचे काम मंदावू लागते, आणि ३३-३४ वर मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याची निम्मी शक्ती गेलेली असते. म्हणजे दुपारच्या तीन तासांत दीड तासाचेच काम पदरात पडते. त्या दीड तासापायी माणूस असा गळतो की संध्याकाळी त्याच्याने खोरे उचलवत नाही. ओळंबा चुकतो, वीट वाकडी बसते, परांचीवर घेरी येते, हातातली हातोडी खालच्या माणसाच्या डोक्यात पडते. याच अहवालाचा अंदाज असा की, २०३० साली उष्णतेपायी आपल्या देशातील कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के तास वाया जातील; म्हणजे ३ कोटी ४० लाख माणसांचे वर्षभराचे काम बुडेल. यांत शेतीचा वाटा मोठा, आणि बांधकामाचा वाढत जाणारा. ऊन आपला विसावा घेतेच. तो सावलीत राजीखुशीने द्यावयाचा की अंगातून ओरबाडून घेऊ द्यावयाचा, एवढेच आपल्या हाती आहे.

मजूर बंधूंनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विसाव्याचे नाव काढताच त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण रोजावर काम करणाऱ्याचा खाडा पडला की चूल विझते. आणि उक्ते काम घेतलेला गवंडी तर स्वतःच स्वतःच्या मानेवर बसतो. ही भीती खरी आहे. म्हणून दुपारचा विसावा हा रोज कापून मिळता कामा नये. कामाची वेळ हलवून मिळाला पाहिजे. सकाळी ६॥ ते ११॥ आणि दुपारी ३॥ ते ६॥ असे काम केले तर आठ तास पुरे भरतात. ज्या बायांना घरच्या कामामुळे किंवा दूरच्या गावामुळे ही वेळ जमत नाही त्यांना मधल्या वेळात आतले काम द्यावे. जाणता गवंडी कामाची पाळी अशीही लावू शकतो की, बाहेरचा गिलावा, सेंट्रिंग, सळई बांधणे ही सकाळी व्हावी, आणि आतला गिलावा, फरशी, खिडक्या-दारे ही दुपारच्या सावलीत. स्लॅब तर पहाटे किंवा दिवस कलल्यावर ओतणे काँक्रीटच्याही हिताचे असते. तात्पर्य, काम न बुडविता माणूस वाचविता येतो. त्यास फक्त मन पाहिजे.

दुपारच्या विसाव्याची ही मागणी आम्ही आज आकाशातून आणलेली नाही. ती आमच्या चळवळीच्या जन्माइतकीच जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे चालक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांची सभा भरविली आणि सरकारी कमिशनापुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेविला. त्यांतील मागण्या काय होत्या? आठवड्यास रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाचा विसावा, कामाचे तास सकाळी ६॥ पासून सूर्यास्तापर्यंत, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास त्या काळातील पगार. तेव्हाही मालक हेच म्हणत होते की गिरण्या बुडतील. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. गिरण्या बुडाल्या नाहीत. आज सारा देश ज्या रविवारी आराम करतो तो रविवार एका बहुजन पुढाऱ्याने मिळवून दिलेला आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? गिरणीच्या पोटातल्या माणसास जो अर्धा तास १८८४ साली मागितला गेला, तो उघड्या उन्हातल्या गवंड्यास आजही मागून घ्यावा लागतो.

आणि जोतीराव स्वतः? ते बांधकामाच्या धंद्यातले होते. सरकारी बांधकामास माल पुरविण्याचे व ठेके घेण्याचे काम त्यांनी केले होते. ठेकेदार झाला म्हणजे मजुराचे रक्त शोषिलेच पाहिजे असा काही नियम नाही, हे आजच्या ठेकेदारांनी त्यांच्याकडून शिकावे. आम्ही हे मुद्दाम लिहितो. कारण पूर्वी शेटजी-भटजींकडे बोट दाखविले की आमचे काम भागत असे. आता कुपवाडचा ठेकेदार, नगरसेवक, बंगल्याचा मालक हे पुष्कळदा आमच्याच भाऊबंदांपैकी असतात. त्यांच्या दिवाणखान्यात महात्मा फुल्यांची तसबीर असते, आणि त्याच बंगल्याच्या कामावर पाण्याचा माठ नसतो. वास्तुशांतीच्या दक्षिणेस व जेवणावळीस हजारो रुपये निघतात. मजुरांच्या सावलीसाठी जुनी ताडपत्रीही निघत नाही. तसबिरीस हार घालून जोतीरावांचे ऋण फिटत नसते.

कायद्याकडे वळू. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. कामावर पिण्याचे पाणी, संडास-मुताऱ्या, प्रथमोपचार, तात्पुरती घरे, पुष्कळ बाया असतील तेथे पाळणाघर, अशा तरतुदी त्यात होत्या. आणि बांधकामाच्या खर्चावर शेकडा १ रुपया उपकर घेऊन तो कामगारांच्या हितासाठी खर्च करावा असे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या व हा विषय त्यांत गेला. पण कायद्याचे कागद बदलल्याने माठ भरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात या उपकराची कहाणीच उघडी केली: देशभर ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले आणि सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले, त्यांतूनही काही ठिकाणी कपडे धुण्याची यंत्रे व लॅपटॉप खरेदी झाले! ज्याच्या घामावर हा पैसा उभा राहिला त्याच्या घशात त्यातील किती थेंब पडले?

महाराष्ट्रात या पैशाचा कारभार इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ पाहाते. १८ ते ६० वर्षे वयाच्या ज्या माणसाने मागील वर्षात ९० दिवस असे काम केले असेल त्यास तेथे नाव नोंदविता येते. आमच्या वाचकांपैकी जे या कामावर जातात त्यांनी नोंद केली नसेल तर ती करावी. ९० दिवसांचा दाखला देण्यास जो ठेकेदार टाळाटाळ करील त्याच्या मागे लागावे, आणि मधल्या दलालास एक पैही देऊ नये.

पण खरी अडचण निराळीच आहे. १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामासच लागू होता, आणि नव्या संहितेतही दहाची ती मेख कायम आहे. कुपवाडच्या एखाद्या गल्लीत एक गवंडी व तीन बिगारी मिळून जे दोन खोल्यांचे घर बांधतात, तेथे हा कायदा पोहोचत नाही. तेथे मालक कोण? आमचाच शेतकरी, आमचाच सुतार, कारखान्यात नोकरीस लागलेला आमचाच मुलगा. म्हणून सरकारास चार गोष्टी सुनावून आमचे काम संपत नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे रिवाज पाडावा लागतो, आणि रिवाज पाडणे आपल्याच हाती आहे.

परमुलखाकडे पाहावे तर, ज्यांना आपण केवळ पैशाचे देश समजतो त्या अरबी आखातात हा नियम केव्हाच झाला. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२॥ ते ३ उन्हातले काम बंद ठेवावे लागते. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३॥ बंदी आहे. तेथील मजुराची स्थिती सुखाची आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेथे राबणारे कित्येक लाख लोक आपल्याच देशातले आहेत. आपला गवंडी दुबईत गेला की त्यास दुपारची सावली मिळते आणि कुपवाडास परतला की जाते, याचा जाब कोणी द्यावा?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. महापालिका बांधकामास परवाना देते व त्याच वेळी उपकरही घेते. तिने परवान्यातच अट घालावी की, १ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम होणार नाही, आणि पाणी, सावली व आडोसा यांची सोय दिसल्यावाचून काम सुरू होणार नाही. महापालिकेच्या स्वतःच्या गटारी, रस्ते व इमारती यांच्या ठेक्यांत ही अट सर्वांआधी यावी. सरकारने बैलाचा १९६५ चा नियम समोर ठेवून माणसासाठी तसाच नियम करावा. शब्दही फारसे बदलावे लागणार नाहीत. घरमालकाने गवंड्याशी भाव ठरविताना सिमेंट-वाळूबरोबर माठ, ताडपत्री व आडोसा यांचाही हिशेब धरावा. मुहूर्त पंधरा दिवस पुढे गेल्याने घर पडत नाही. ज्यास मुहूर्त हवाच असेल त्याने माणसाच्या सोयीचा दिवस हाच शुभ मानावा.

मजुरांनी आपसात ठरवावे की, दर वीस मिनिटांनी पाव लिटर पाणी पिणे हे कामचुकारपणाचे लक्षण नाही. तासाला पाऊण लिटर पाणी उन्हातल्या माणसास लागतेच; मात्र तासात दीड लिटरच्या वर एकदम ढोसू नये. घाम फार गेला असेल तर मीठ घातलेले ताक घ्यावे, किंवा लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. दारूने अंगातले पाणी आणखी जाते; रात्रीची दारू दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उभी राहाते. एकट्याने उन्हात काम करू नये. जोडीदाराने जोडीदारावर लक्ष ठेवावे.

आणि एखादा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापून बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात होय. त्यावेळी दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळीत बसू नये, देवऋष्यास बोलावू नये, नाकाशी कांदा धरून वाट पाहू नये. खिशातला कांदा अंग गार करीत नाही. त्यास लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघा येथे ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनळीत जाते. एकाने पाणी ओतीत राहावे व दुसऱ्याने १०८ वर गाडी बोलवावी. मिरजेस व सांगलीस सरकारी इस्पितळे आहेत. येथे प्रत्येक मिनिटाची किंमत आहे. स्लॅबवर पाणी मारण्याची नळी तेथेच असते. ती अशा वेळी माणसाकडे वळवावी. माणूस दगावलाच तर 'हृदय बंद पडले' एवढ्यावर घरच्यांनी गप्प बसू नये. तो किती वेळ उन्हात काम करीत होता हे डॉक्टरास व पोलिसांस सांगून लिहवून घ्यावे. जे मरण कागदावर येत नाही त्याची भरपाई मिळत नाही, आणि त्यावर कायदाही होत नाही.

ऊन लागून मेला तो नशिबाने मेला, असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रारब्धाची ही शिकवण कोणी दिली व तिचा फायदा कोणास झाला, हे सत्यशोधकांस सांगावयास नको. आकाशातील सूर्य सर्वांस सारखाच तापतो. पण मालक पंख्याखाली असतो आणि बिगारी स्लॅबवर असतो. ही वाटणी देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. म्हणून ती माणसास बदलता येते. उद्या सकाळी ज्यांच्या दारात काम चालू आहे त्या कुपवाडकरांनी एवढेच करावे: सिमेंटाच्या पिंपाशेजारी पिण्याच्या पाण्याचा एक स्वच्छ माठ भरून ठेवावा, वर एक ताडपत्री बांधावी, कोपऱ्यात एक आडोसा करावा, आणि बारा वाजले की स्वतः बाहेर येऊन म्हणावे, "मिस्त्री, ताई, आता सावलीला बसा." रोज कापू नये. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत हा रिवाज दहा घरांतून शंभर घरांत गेला, तर सरकारासही त्याच्या मागून यावे लागेल.